सोनं खरं, तरी व्यवहार नको: एका छोट्या खाण कंपनीची छाननी

पार्श्वभूमी

पाच जणांचा गुंतवणूक गट आणि त्यांच्यापुढे आलेला एका छोट्या सोन्या-चांदीच्या खाण कंपनीचा प्रस्ताव, एवढंच हे प्रकरण. गटाच्या छाननीची कागदोपत्री बाजू माझ्याकडे होती. कंपनी, प्रकल्पाचा देश आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील झाकले आहेत आणि आकडे थोडे गोल केले आहेत.

कंपनी कॅनडातल्या टीएसएक्स व्हेंचर या छोट्या कंपन्यांच्या शेअरबाजारात नोंदलेली, प्रकल्प मात्र दुसऱ्या देशात. ‘खाण कंपनी’ म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं. तिच्याकडे चालू खाण नव्हती आणि विक्रीचा एक रुपयाही येत नव्हता. होतं ते एका बंद पडलेल्या जुन्या खाणीभोवतीच्या क्षेत्राचा परवाना, खालचा दगड तपासायला नव्याने मारलेले काही बोअर आणि दर वर्षा-दीड वर्षाने बाजारातून पैसे उभे करायची गरज. धंद्यात अशा कंपन्यांना ज्युनिअर म्हणतात. त्या जे विकतात ते सोनं नसतं, सोनं सापडण्याची शक्यता असते. त्यामुळे नफा-तोटा पत्रक आणि किंमत-उत्पन्न गुणोत्तर घेऊन त्यांच्याकडे गेलं तर हाती काही लागत नाही.

गटात एक निवृत्त बँकर होते, दोघं उद्योजक, एक चार्टर्ड अकाउंटंट आणि एक शेअरबाजारात मुरलेले गृहस्थ. खाणीतलं प्रत्यक्ष कळणारं कुणी नव्हतं, म्हणून एका स्वतंत्र भूशास्त्रज्ञ बाईंना मानधनावर घेतलं. तो खर्च गटातल्या दोघांना आधी जड वाटला होता.

प्रस्ताव काय होता

कंपनी प्रायव्हेट प्लेसमेंटमधून, म्हणजे निवडक गुंतवणूकदारांना थेट नवे शेअर विकून, ३० लाख कॅनेडियन डॉलर उभे करणार होती. भाव २० सेंट, बाजारभाव २२. दर शेअरमागे अर्धं वॉरंट, म्हणजे दोन शेअर घेतले की पुढच्या दोन वर्षांत ३० सेंटला आणखी एक शेअर घेण्याचा हक्क. गटाकडून ४ लाख डॉलरची अपेक्षा होती. अशा प्लेसमेंटमधले शेअर कॅनडात चार महिने विकता येत नाहीत. हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्या अटीची खरी धार नंतर कळली.

प्रस्तावासोबत आलेल्या सादरीकरणात दोन गोष्टी ठळक होत्या. पहिली, बोअर क्रमांक ९ मध्ये ४ मीटर जाडीत टनाला ३८ ग्रॅम सोनं. जमिनीखालच्या खाणीत टनाला ५-६ ग्रॅमवरही चांगला धंदा होऊ शकतो, तिथे ३८ म्हणजे डोळे दिपणारच. दुसरी, क्षेत्रात ६ लाख २० हजार औंस सोनं असल्याचा ‘ऐतिहासिक साठा’. कंपनीचं बाजारमूल्य सुमारे २.६ कोटी डॉलर होतं, म्हणजे जमिनीतला औंस ४२ डॉलरला पडत होता. शेअरबाजारवाल्या गृहस्थांनी पहिल्याच बैठकीत हा भागाकार फळ्यावर मांडला आणि म्हणाले, “याहून स्वस्त काय हवंय तुम्हाला?”

अडचण कुठे होती

आधी त्या स्वस्त औंसाबद्दल. हा साठा १९८०च्या दशकातल्या एका अंदाजातून आलेला होता. कॅनडात खनिज साठ्यांच्या जाहीर माहितीचे नियम, म्हणजे एनआय ४३-१०१, २००१ मध्ये लागू झाले. त्याआधीचा अंदाज ‘ऐतिहासिक’ म्हणून सांगता येतो, पण पात्र व्यक्तीने, म्हणजे नियमांना मान्य असलेल्या तज्ज्ञाने, तो तपासून आजचा साठा म्हणून मान्य केलेला नाही, असं सोबत लिहावं लागतं. सादरीकरणात ते वाक्य होतं, पानाच्या तळाशी, बारीक टायपात. नियम पाळला होता, पण त्या आकड्याने बाजारमूल्याला भागायचं काही कारण नव्हतं. जो साठा आज कुणी सही करून मांडायला तयार नाही, त्याच्या औंसाला भाव लावणं म्हणजे बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी.

दुसरी अडचण ३८ ग्रॅमची. प्रसिद्धिपत्रकात पुढच्याच ओळीत लिहिलं होतं: ‘यात ०.५ मीटरमध्ये टनाला २९० ग्रॅम’. इथे कागद-पेन्सिल घेऊन बसायला हवं. ४ मीटर गुणिले ३८ म्हणजे १५२. अर्धा मीटर गुणिले २९० म्हणजे १४५. उरलेल्या साडेतीन मीटरच्या वाट्याला येतात ७, म्हणजे टनाला २ ग्रॅम. अख्ख्या ४ मीटरची श्रीमंती हातभर दगडाच्या तुकड्यात होती. साठा मोजताना अशा टोकाच्या आकड्यांना वरची मर्यादा लावतात. समजा ती ६० ग्रॅम धरली, तर तेच ४ मीटर सव्वानऊ ग्रॅमवर येतात. सव्वानऊ वाईट नाही, पण ३८ आणि सव्वानऊ या दोन वेगळ्या कंपन्या आहेत.

शिवाय ती ४ मीटर ही बोअरच्या लांबीवरची जाडी. बोअर शिरेला, म्हणजे सोनं असलेल्या दगडाच्या पट्ट्याला, तिरका छेदून गेला असेल तर शिरेची खरी जाडी कमी भरते. पंचेचाळीस अंशांत छेदला तर ४ मीटरचे २.८ होतात. पत्रकात ‘खरी जाडी अद्याप निश्चित नाही’ असं म्हटलं होतं. भूशास्त्रज्ञ बाईंचं म्हणणं असं की इतक्या बोअरनंतरही शिरेचा कल माहीत नसेल तर तो न समजल्यामुळे नसेल, सांगायचा नसल्यामुळे असेल.

तिसरी अडचण पैशांची, आणि ती अकाउंटंटनी शोधली. येणाऱ्या ३० लाखांपैकी ड्रिलिंगसाठी १४ लाख. कार्यालय, पगार आणि प्रसिद्धी यांना ६ लाख. दलाली आणि कायदेशीर खर्च ३ लाख. आणि ७ लाख ‘थकित कर्जाच्या परतफेडीसाठी’. हे कर्ज कुणाचं, हे तिमाही अहवालातल्या संबंधित पक्षांच्या व्यवहारांच्या टिपेत मिळालं: एका संचालकाच्या खासगी कंपनीचं. म्हणजे नवा गुंतवणूकदार जो डॉलर देणार, त्यातला निम्म्याहून कमी जमिनीत जाणार आणि जवळपास चौथाई संचालकाच्या खिशात परत.

शेअरची संख्याही पाहिली. बाजारात ११.८ कोटी, त्यावर आधीच्या फेऱ्यांची ४.६ कोटी वॉरंट आणि व्यवस्थापनाचे ९० लाख ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचे हक्क. नव्या फेरीचे दीड कोटी शेअर आणि पाऊण कोटी वॉरंट धरली, तर एकूण सुमारे १९.५ कोटी. सुरुवातीचे शेअर संस्थापकांनी ५ सेंटला घेतलेले होते. भाव ९ सेंटला आला तरी ते फायद्यात. आपला २० सेंटवाला मात्र निम्म्याहून खाली.

फसवणूक शोधण्याचा मोह

या टप्प्यावर गटाची चर्चा एका विचित्र दिशेला गेली, आणि मला वाटतं या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग तोच आहे.

छोट्या खाण कंपन्यांची छाननी म्हटलं की सगळ्यांना ब्रे-एक्स आठवते. इंडोनेशियातल्या बुसांगमध्ये अवाढव्य सोन्याचा साठा असल्याचा दावा करणारी ही कॅनेडियन कंपनी १९९७ मध्ये कोसळली. दगडाच्या नमुन्यांत बाहेरचं सोनं मिसळलेलं होतं. फ्रीपोर्ट या दुसऱ्या खाण कंपनीने ब्रे-एक्सच्या बोअरशेजारीच आपले बोअर मारले आणि त्यांत दखल घ्यावी इतकं सोनं निघालंच नाही, तिथे बिंग फुटलं. एनआय ४३-१०१चा जन्म त्याच धक्क्यातून झाला. ब्रे-एक्सची एक खूण छाननी करणारे अजून सांगतात: कोअरचा, म्हणजे बोअरमधून निघालेल्या दगडाच्या दंडगोलाचा, अर्धा भाग राखून ठेवलेला नव्हता, सगळाच भरडून टाकला होता. त्यामुळे कुणाला परत तपासायला काही शिल्लकच नव्हतं.

त्यामुळे गटाने ठरवलं की प्रयोगशाळेतल्या आकड्यांची खातरजमा करायची. हे योग्यच होतं. पण नकळत सगळा प्रश्न ‘सोनं खरं आहे का?’ एवढाच होऊन बसला. त्याचं उत्तर ‘हो’ आलं तर पैसे द्यायचे, असं कुणी बोललं नाही, तरी हवा तशीच होती.

प्रत्यक्ष जागेवर

भूशास्त्रज्ञ बाई, बँकर आणि मी प्रकल्पावर गेलो. कोअर शेड म्हणजे पत्र्याची लांब खोली, दोन्ही बाजूंना रॅक, रॅकवर लाकडी ट्रे. प्रत्येक ट्रेमध्ये दगडाचे दंडगोल ओळीने मांडलेले, मध्ये मध्ये खोली लिहिलेले लाकडी ठोकळे. नमुना घेतलेल्या जागी दगड करवतीने उभा चिरलेला, अर्धा प्रयोगशाळेत गेलेला, अर्धा ट्रेमध्ये. म्हणजे अर्धा कोअर होता. बँकरसाहेबांचा चेहरा तिथेच खुलला.

बोअर ९चा ट्रे टेबलावर आधीच काढून ठेवलेला होता. व्यवस्थापकांनी हातात भिंग दिलं आणि पाण्याचा फवारा मारला. पांढऱ्या क्वार्ट्झच्या शिरेत, करड्या रेघेच्या कडेला, मोहरीच्या दाण्याहून लहान पिवळे ठिपके दिसले. सोनं नुसत्या डोळ्यांनी दिसलं की माणूस बदलतो. एवढा वेळ प्रश्न विचारणारे बँकरसाहेब एकदम गप्प झाले आणि फोटो काढू लागले.

बाई मात्र त्या ठिपक्यांनीच सावध झाल्या. सोनं इतकं जाड असेल तर नमुन्यांवर विश्वास ठेवणं अवघड होतं. नेहमीच्या फायर अॅसेला, म्हणजे नमुना वितळवून सोनं मोजायच्या चाचणीला, ३० ग्रॅम भुकटी घेतात. एक मिलिमीटर व्यासाचा शुद्ध सोन्याचा गोल कण सुमारे १० मिलिग्रॅम भरतो. तो एक कण त्या ३० ग्रॅममध्ये आला तर निकाल टनाला ३३० ग्रॅमच्या वर. नाही आला तर जवळपास शून्य. सोनं मऊ, दगडासारखं नीट दळलं जात नाही, म्हणून ही सोडत प्रयोगशाळेतही चालूच राहते. बाईंनी आठ ठिकाणी उरलेल्या अर्ध्या कोअरचा पुन्हा अर्धा, म्हणजे पाव कोअर कापून घेतला, पिशव्या स्वतः सील केल्या आणि दुसऱ्या प्रयोगशाळेत स्वतः नेऊन दिल्या. चाचणी मागितली ती मोठा नमुना चाळून जाड आणि बारीक सोनं वेगळं मोजण्याची. जोडीला पहिल्या प्रयोगशाळेत राखून ठेवलेल्या वीस भुकट्याही तपासायला पाठवल्या.

भुकट्यांचे निकाल पहिल्या आकड्यांशी चांगले जुळले. पाव कोअरचे मात्र वर-खाली. २९० ग्रॅमवाल्या जागी ४१ आले, दुसऱ्या एका जागी ७ होते तिथे १९. बाईंचा निष्कर्ष सरळ होता: कुणी काही मिसळलेलं नाही, सोनं खरं आहे आणि ते गोळ्या-गोळ्यांनी विखुरलेलं आहे. अशा ठिकाणी साठा मोजायला खूप जवळ जवळ बोअर लागतात आणि बहुतेकदा मोठ्या प्रमाणात दगड काढून तो गाळून बघावा लागतो. १४ लाखांच्या ड्रिलिंगमध्ये ते होणारं नव्हतं.

गटातल्या तिघांनी या अहवालातला पहिलाच अर्धा भाग वाचला. सोनं खरं आहे. झालं तर.

न छापलेले पाच बोअर

बाईंच्या टिपणात एक ओळ होती, जिकडे माझंही आधी लक्ष गेलं नाही: ‘शेडच्या मागच्या रॅकवर बोअर १२, १४, १५ यांचे ट्रे. कोअर चिरलेला, नमुन्यांच्या चिठ्ठ्या ट्रेला टाचलेल्या.’ हे क्रमांक कुठल्याच पत्रकात नव्हते.

मग परत कागदांकडे. तिमाही अहवालात लिहिलं होतं: १८ बोअर, एकूण ४,१५० मीटर. प्रसिद्धिपत्रकांतल्या तक्त्यांतले बोअर मोजले तर १३, त्यांची लांबी मिळून २,९६० मीटर. पाच बोअर आणि ११९० मीटर गायब. गायब म्हणजे लपवलेले असं लगेच म्हणता येत नाही. प्रयोगशाळेत रांग असते, निकाल उशिरा येतात. पण बोअर १६, १७ आणि १८चे निकाल जाहीर झालेले असताना त्याआधी मारलेल्या १२, १४, १५चे यायचे कसे राहिले? आणि चिठ्ठ्या टाचलेल्या असल्याने नमुने गेले होते हे तर उघड होतं.

कंपनीला पत्र लिहिलं. पहिलं उत्तर आलं की निकालांची वाट पाहत आहोत. दुसऱ्यांदा तारखांसकट विचारल्यावर उत्तर बदललं: निकाल आले आहेत, पण पुनर्तपासणी चालू आहे, गट गोपनीयतेच्या करारावर सही करत असेल तर दाखवायला हरकत नाही.

इथे या प्रकरणातलं सगळ्यात अवघड वळण आलं. बँकरसाहेबांचं म्हणणं, सही करा आणि बघा, छाननी म्हणतात ती हीच. अकाउंटंटचा ठाम विरोध होता. जाहीर न झालेली महत्त्वाची माहिती हातात आली की ती जाहीर होईपर्यंत गटातल्या कुणालाच हा शेअर घेता-विकता येणार नाही; आणि शेअरबाजारवाल्या गृहस्थांकडे तो आधीपासून थोडा होता. शिवाय अकाउंटंटचा दुसरा मुद्दा मला जास्त पटला: कंपनी जर ते आकडे आम्हाला दाखवायला तयार आहे पण बाजाराला नाही, तर उद्या आम्ही भागधारक झाल्यावर आम्हीही त्याच बाजारात असू.

तोलून पाहिलेले पर्याय

पूर्ण ४ लाख घालायचे, हा पहिला. या पर्यायाच्या बाजूने सोन्याचा भाव होता. तो चढत होता, आणि चढत्या भावात ज्युनिअरचे शेअर जमिनीखाली काय आहे याची फारशी वाट बघत नाहीत.

थोडे घालायचे आणि वॉरंटच्या जोरावर पुढे वाढवायचं, हा दुसरा. वरवर शहाणपणाचा वाटतो. पण छोट्या रकमेलाही चार महिन्यांचं कुलूप तेच, माहितीची त्रुटी तीच. जोखीम अर्धी होते म्हणून चूक बरोबर ठरत नाही.

प्लेसमेंटमध्ये न जाता चार महिन्यांनी खुल्या बाजारात घ्यायचे, हा तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात कमी विचारात घेतला गेलेला. कुलूप उघडलं की प्लेसमेंटवाले बरेच जण शेअर विकून टाकतात आणि वॉरंट फुकटात हाती ठेवतात. त्यामुळे त्या तारखेच्या आसपास भाव दबतो. वॉरंट मिळत नाही, पण त्या बदल्यात चार महिन्यांची माहिती मिळते.

आणि चौथा, अटी घालायच्या.

काय केलं

गटाने चौथा पर्याय निवडला आणि दोन अटी लिहून दिल्या. पाचही बोअरचे निकाल प्लेसमेंट बंद होण्याआधी जाहीर करावेत. आणि संचालकाचं ७ लाखांचं कर्ज रोखीने न फेडता त्याच २० सेंटच्या भावाने शेअरमध्ये बदलावं. दुसरी अट मुद्दाम घातली होती. संचालकाला भाव योग्य वाटत असेल तर त्यालाही तो चालायला हवा.

कंपनीने दुसरी अट निम्मी मानली: साडेतीन लाखांचे शेअर, साडेतीन लाख रोख. पहिली नाकारली. उत्तर सभ्य होतं, ‘निकाल केव्हा जाहीर करायचे ते आमची तांत्रिक मंडळीच ठरवतील’, एवढंच.

शेवटच्या बैठकीत बाईंनी रुबिकॉन मिनरल्सचं उदाहरण दिलं. कॅनडातल्या रेड लेक भागात या कंपनीने पूर्ण व्यवहार्यता अभ्यास न करता, प्राथमिक आर्थिक अंदाजाच्या आधारावर खाण उभी केली. २०१५ मध्ये काम थांबवावं लागलं आणि २०१६च्या सुरुवातीला नव्याने मोजलेला साठा जुन्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास निघाला. तिथे कुणी सोनं मिसळलं नव्हतं. शिरांचा एकमेकींशी जसा संबंध कल्पिला होता तसा तो नव्हता. “तुम्ही ब्रे-एक्सला घाबरताय,” बाई म्हणाल्या, “आणि तुमच्यासमोर आहे ते हे.”

गटाने पैसे घातले नाहीत. एका उद्योजक सभासदाने मात्र स्वतःच्या नावाने ४० हजार डॉलर घातले. गटाच्या नियमांत त्याला मनाई नव्हती.

पुढे काय झालं

प्लेसमेंट ३० लाखांऐवजी २१ लाखांवर बंद झाली. नंतरच्या दोन महिन्यांत सोन्याने उसळी घेतली आणि शेअर ३१ सेंटवर गेला. शेअरबाजारवाल्या गृहस्थांनी आपला जुना साठा त्या चढात विकून टाकला. गटाच्या फोनवर बऱ्याच टोमण्यांची देवाणघेवाण झाली; छाननीवर खर्च केलेल्या पैशांतून काय मिळालं, असंही विचारलं गेलं. ४० हजार घालणारा सभासद कागदावर पन्नास टक्क्यांहून जास्त फायद्यात होता. त्याला विकता येत नव्हतं, इतकंच.

मग एका नव्या पत्रकाच्या शेवटी, तक्त्याच्या खालच्या ओळींत, ते पाच बोअर आले. तिघांपुढे ‘लक्षणीय मूल्ये नाहीत’, उरलेल्या दोघांत मीटरभर जाडीत ३ ग्रॅमच्या आसपास. नकाशावर ठेवल्यावर कळलं की हे पाचही, बोअर ९ आणि त्यापलीकडच्या चांगल्या बोअरच्या मधे होते. दोन्ही टोकांना श्रीमंत आणि मधे शीर दबलेली. पत्रकाचा मथळा मात्र दुसऱ्याच, नव्या बोअरबद्दल होता.

भाव १५ सेंटवर आला. चार महिन्यांचं कुलूप उघडलं तेव्हा विकणाऱ्यांच्या रांगेत तो ९ पर्यंत घसरला. सभासदाने ११ला विकले. त्याच्याकडची ३० सेंटची वॉरंट मुदत संपेपर्यंत तशीच पडून राहिली.

पुढच्या वर्षी कंपनीचे दहा शेअर मिळून एक झाले, अध्यक्ष बदलले, उरलेलं कर्जही शेअरमध्ये गेलं. नव्या भूशास्त्रज्ञाने सगळ्या बोअरचा तक्ता एकाच ठिकाणी जाहीर केला, जवळ जवळ बोअर मारले आणि साठा मांडला: १ लाख ७० हजार औंस, बहुतांश ‘अनुमानित’ वर्गात, म्हणजे सगळ्यात कमी खात्रीच्या. ऐतिहासिक ६ लाख २० हजारांच्या चौथाईहून थोडा जास्त. पण हा आकडा मर्यादा लावून, खरी जाडी धरून काढलेला होता, आणि चांदी किती टक्के हाती येते याची चाचणीही सोबत होती. गटाने त्या फेरीत १ लाख डॉलर घातले, जुन्या हिशेबाने ६ सेंटच्या भावाने. शेअर सध्या त्याच्या थोडा वर आहे. खाण होईल की नाही, हे अजून कुणालाच सांगता येत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, क्रम. हा व्यवहार ज्या गोष्टीवर मोडला ती घरबसल्या, फुकटात कळण्यासारखी होती: तिमाही अहवालातले मीटर आणि पत्रकांतले मीटर यांची वजाबाकी. ती विमानाची तिकिटं काढण्याआधी झाली असती, तर शेडमध्ये गेल्या गेल्या बोअर १२चा ट्रे काढायला सांगता आला असता. पाहुण्यापुढे टेबलावर मांडलेला ट्रे बघण्यात सकाळ गेली नसती. आता गट कुठल्याही ज्युनिअरसाठी पहिलं काम हेच करतो. बोअरच्या क्रमांकांची सलग यादी, प्रत्येकापुढे जाहीर झाल्याची तारीख, आणि रिकाम्या जागांवर पेनाने गोल.

तांत्रिक अहवालही गटाने पुढून वाचला, म्हणजे सारांशापासून. खरं तर प्रकरण १२ आधी उघडायला हवं होतं. एनआय ४३-१०१च्या साच्यात तिथे माहितीची पडताळणी कशी केली ते लिहावं लागतं. या कंपनीच्या अहवालात ते जेमतेम पानभर होतं: पात्र व्यक्तीची एका दिवसाची भेट आणि मोजकेच तपासणी नमुने. प्रकरण ४ मध्ये आधीच्या मालकाला द्यायची ३ टक्के रॉयल्टी होती, तीही उशिराच कुणाच्या तरी नजरेला पडली. चांदीचा प्रश्न, म्हणजे प्रकरण १३, तर पहिल्या फेरीत कुणी विचारलाच नाही. कंपनी सोन्या-चांदीची म्हणवत होती, पण चांदी गाळून हाती येते का, याची चाचणी तेव्हा झालेलीच नव्हती.

आणखी एक. ‘नाही’ कधी म्हणायचं हे भेटीआधी लिहून ठेवलेलं नव्हतं. भिंगाखाली सोनं पाहून आलेल्या माणसाशी अटींवर चर्चा करणं फार अवघड जातं. बँकरसाहेब स्वतःच नंतर म्हणाले की त्या दिवशी कुणी चेक पुढे केला असता तर त्यांनी सही केली असती.

गोपनीयतेच्या कराराचा वाद गटात अजून मिटलेला नाही. बँकरसाहेबांच्या मते सही केली असती तर एका दिवसात निकाल लागला असता, आणि त्या सभासदाचे ४० हजारही वाचले असते, कारण त्याला घेताच आले नसते. अकाउंटंटचं उत्तर असं की मग शेअरबाजारवाल्यांनाही ३१ला विकता आलं नसतं. दोघांचंही बरोबर आहे. सध्याची तडजोड अशी की असा करार आला तर तो फक्त भूशास्त्रज्ञ बाई करतील, गटातलं कुणी नाही. त्या आकडे बघतील आणि गटाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगतील. वकिलांचं म्हणणं, ते एक अक्षरही माहितीच आहे. त्यावर पुढच्या बैठकीत बोलायचं ठरलं आहे.